चटईच्या कडेला

बॉल पायाला लागून मागं गेला आणि उत्तम जीव खाऊन पळाला. समोरच्या यष्टींपाशी पोचला तेव्हा सगळं खामगाव ओरडत होतं, शंभर झाले म्हणून.

झाले का पण? बॅटची कड लागल्यासारखं वाटलं होतं खरं. लागली असेल तर धाव त्याची, नाहीतर नुसती संघाची, अन् तो आपला नव्व्याण्णववरच. विलायतेची टीम येऊन गेल्यापासून अकोल्याशी होणाऱ्या या तीन सामन्यांना लोक हौसेनं टेस्टच म्हणत, आणि या टेस्टांत खामगावच्या एकाही गड्याचं शतक म्हणून लागलं नव्हतं. पहिल्या सामन्यात उत्तम सत्त्याण्णववर झेल देऊन बसला. दुसऱ्यात तो अठ्ठ्याण्णववर उभा अन् पलीकडचे पटापट बाद, खेळच आटोपला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. हा तिसरा, शेवटचा.

पंचाकडं बघावं म्हणून त्यानं मान वळवली, तर समोरून उकंडराव येताना दिसले. त्याचे वडील. पिंपळगाव राजाहून छकड्यातून आलेले, हातात झेंडूचा हार. जन्मभर या खेळाला रिकामटेकडेपणा म्हणत आलेला हा माणूस आज पहिल्यांदा मैदानावर आला होता, आणि शंभर झाले की जाऊन हार घालायचा, एवढं मंडळींनी त्यांना शिकवून ठेवलं होतं.

खेळपट्टीवरच्या काथ्याच्या चटईपाशी येऊन म्हातारा थबकला. अंथरलेल्या चटईवर जोड्यांनिशी कसं जायचं? त्यांनी हार मनगटाला अडकवला आणि वाकून जोडे काढायला लागले.

आपल्यापायी बापानं चारचौघांत वाकायचं? "राहू द्या बाबा, मीच येतो," म्हणत उत्तमनं बॅट खाली टाकली, तो रेष सोडून पुढं गेला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. हार गळ्यात पडला.

मागं खट् झालं.

सीमेलगत अडवून फेकलेला बॉल गोलंदाजानं झेलला होता आणि यष्टी उडवली होती. अकोल्याचे सगळे हात वर करून उभे. पंच होते वामनराव वकील, उत्तमच्याच आळीतले. बिचाऱ्यांनी डोळे मिटून बोट वर केलं.

"वामनराव, शंभर त झाले नं माहे?" उत्तमनं विचारलं.

"पायाची होती ते धाव. मी मांडीवर हात मारून राह्यलो होतो, तुह्यं ध्यान कुठं होतं?"

उत्तमनं अकोल्याच्या कप्तानाकडं पाहिलं. एका शब्दानं तो त्याला परत बोलावू शकला असता. कप्तान पडलेली यष्टी निरखत बसला होता.

संताप असा उसळला, की हार तोडून मातीत फेकावा आणि बापाला खडसावून विचारावं, आजच काऊन आलात? पण बाप पुढ्यात उभा होता, जोडे हातात, तोंडावर लाजरं हसू; वर गेलेल्या बोटाचा अर्थ त्याच्या गावीही नव्हता. उत्तमचा हात हारापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

उकंडराव जोडे बाजूला ठेवून अनवाणीच चटईवर गेले. पडलेली बॅट त्यांनी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि लेकाच्या हातात दिली.

"म्या आजलोक तुहा खेळ कधी पाह्यलाच नाही," ते म्हणाले. "खेळ आता. दिवस बुडेपर्यंत मी इथंच बसतो."