पायपुसणं

लढाऊ विमानाच्या शिडीखाली पायपुसणं ठेवणारा जगातला एकमेव मेकॅनिक म्हणजे काका. बूट पुसल्याशिवाय ते कुणालाही चढू देत नसत. "काका, शत्रू विमानाला भोकं पाडतो, त्याला नाही ओरडत!" एकवीस वर्षांचा वैमानिक चिडवायचा. "तो माझ्या तावडीत सापडत नाही. तू पाय पूस." त्या सकाळी हल्ल्याचा भोंगा वाजला आणि पोरगा चिखलाच्या बुटांनी थेट शिडी चढला. "अरे, पाय!" "आल्यावर पुसतो, काका!" काका फुरंगटले. रोज निरोपाला हलणारा हात त्यांनी खिशातच ठेवला. पोराने मात्र काचेआडून हात हलवला. दुपारी विमान कोसळल्याची बातमी आली. पोरगा गेला. दुसऱ्या दिवशी नवा वैमानिक निमूटपणे पायपुसण्यावर बूट घासू लागला. काकांनी ते त्याच्या पायाखालून ओढून घेतलं. "तसाच चढ, बाळा," आधीच हात हलवत ते म्हणाले, "आल्यावर ओरडेन."