बदकांच्या वहीतल्या रेघा

"आज अकरा," शिडी कुजबुजली.

व्हॉलीबॉलच्या संघात सगळ्यांत उंच, म्हणून ती शिडी. सरांच्या खांद्यावरून वहीत डोकावणं तिलाच जमायचं. बाकीच्या मुली बुटांच्या नाड्या सोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"अकरा कुणाच्या?" खारूताईने विचारलं.

"नावं नाहीत गं. नुसत्या रेघा."

नवे सर येऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्या खिशात कायम एक छोटी वही असे. पुठ्ठ्यावर पिवळी बदकं, आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पिकल्या मिशांच्या एवढ्या भारदस्त माणसाकडे बदकांची वही पाहून पहिल्या दिवशी मुलींना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी आवरलं. चेंडू नेटमध्ये गेला की सरांचा आवाज मैदान ओलांडून पार रस्त्यापर्यंत जायचा, आणि मग वही उघडायची. एक रेघ. वही बंद.

रेघा म्हणजे चुका, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. शनिवारी अंतिम सामन्यासाठी सहा जणी निवडायच्या होत्या, कर्णधारही तेव्हाच ठरणार होती. जिच्या रेघा जास्त ती बाकावर, हा हिशेब मुलींनी परस्पर करून टाकला होता.

खारूताईचं काम नेटजवळ उभं राहून चेंडू उंच उचलून द्यायचं. तो पलीकडे हाणायचा शिडीने. दोन वर्षं खारूताई त्या जागेवर खेळत होती आणि दुसरी कुठलीच जागा तिला नको होती. त्या अकरांपैकी नऊ रेघा तिने स्वतः मोजल्या होत्या. नऊही वेळा तिच्याच हातून चेंडू वाकडा गेला होता.

घरी आली की ती गच्चीच्या भिंतीवर चेंडू मारायला लागली.

"अगं, भिंतीला भोक पडेल!" आई खालून ओरडायची.

"पन्नास झाले की आलेच!"

"मघाशीही पन्नासच म्हणाली होतीस."

रेघा खरंच कमी होत गेल्या. आठ झाल्या, सहा झाल्या, मग चार.

मंगळवारी मात्र विचित्रच प्रकार घडला. माळीकाकांनी पाण्याचा पाइप मैदानात आडवा सोडला. शिडी त्यात अडखळली. सर माळीकाकांवर कडाडले, आणि मग पाठ फिरवून त्यांनी वहीत एक रेघ मारली.

"माळीकाकांना पण संघात घेतलं की काय?" शिडी म्हणाली. "तुझी जागा गेली बघ, खारूताई."

सगळ्या हसल्या. खारूताईही हसली, पण बेतानेच.

गुरुवारी तिने लागोपाठ तीन चेंडू घालवले. सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते नेटच्या खांबापर्यंत चालत गेले, बाटलीतलं पाणी प्यायले, परत आले.

"चेंडू खाली येत असताना तू कुठे बघत होतीस?"

"शिडीकडे, सर. ती निघाली का ते."

"आणि चेंडूकडे?"

तिने पायाशी पडलेला चेंडू उचलला.

"आधी चेंडू. शिडी काही पळून जात नाही. चल, पुन्हा."

वही खिशातच राहिली.

"तीन चुका आणि एकही रेघ नाही," घरी जाताना शिडी म्हणाली. "मजा आहे तुझी."

"मजा कसली? नापासच करायचं ठरलं असेल, तर पेपर तपासत बसतं का कुणी?"

शिडीने खारूताईची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

शनिवारी दोन तास सराव झाला. चुका सगळ्यांच्याच झाल्या. सर प्रत्येकीजवळ जाऊन काहीतरी विचारत होते, कोपर धरून दाखवत होते, मध्येच खांबापर्यंत फेरी मारून येत होते. वहीत एकही रेघ पडली नाही. बाकीच्या मुली खुशीत होत्या. खारूताईने मात्र मनाशी ठरवलं. सगळ्या चेंडू गोळा करायला पळाल्या, तशी ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मला काढणार असाल तर आत्ताच सांगा. सगळ्यांसमोर ऐकायला नको, एवढंच. आज माझ्या पाच चुका झाल्या."

"पाच?"

"सहा," ती हळूच म्हणाली.

"सहाच. आणि सहाव्यानंतर शिडीला काय सांगत होतीस?"

"तेच, की माझं चुकलं. तुझी उडी बरोबर होती, तू तशीच ये."

"हं."

सरांनी बदकांची वही काढली आणि आजचं पान उघडलं. वर तारीख होती, खाली पान कोरं. त्यांनी पेन्सिल पुढे केली.

"इथे सही कर."

"मी? कशाला?"

"कर्णधाराची लागते."

खारूताईने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. लांब मैदानाच्या टोकाला शिडी चेंडूंच्या जाळीशी झटापट करत होती.

"सर, पण कर्णधार..."

"करतेस सही, की पेन्सिलीला मोड येईपर्यंत थांबू?"

तिने सही केली. परीक्षेच्या पेपरावर करतात तशी, सावकाश आणि पूर्ण नावाची. वही मिटताना पानं सटकली आणि पहिलं पान तिच्यासमोर आलं. त्यावर लहान मुलीच्या मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं होतं:

"आजोबा ओरडले की एक रेघ. खोटं चालणार नाही. एकही रेघ नसेल त्या दिवशी कर्णधाराची सही आणा, मग मी परत तुमच्याकडे खेळायला येईन."