भाकड

माझ्या नवऱ्याला, नेस्तोरला, मांसाच्या गुरांची नवी जात घ्यायची होती, म्हणून आम्ही सासूबाईंना घेऊन उरुग्वेभर कुरणं पालथी घालत होतो. हेरफर्ड पाहिल्या, अँगस पाहिल्या. सासूबाईंचा प्रश्न सगळीकडे एकच, "गाभण राहिली नाही तर?"

ब्रॅफर्ड गायींच्या कुरणाचा मालक बाल्तासार यानं माते चहाची नळी तोंडातून काढली. "हिवाळ्याआधी खाटिकखान्यात. भाकड गाय कोण पोसणार?"

"ऐकलंस का गं, सेल्मिरा?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आमचा नेस्तोर देवमाणूस! सहा वर्षं पोसतोय."

नेस्तोर कुंपणावर रेलून गायी बघत राहिला. डॉक्टर त्यालाही तपासणीला बोलावत होते. दर वेळी मी एकटीच जाऊन यायचे.

मी बाल्तासारला विचारलं, "पण दोष गायीचाच आहे, हे कळतं कसं?"

तो हसला. "अहो बाई, आधी वळू तपासून घेतो ना! दरवर्षी, हंगामाच्या आधी. वळूच कुचकामी निघाला, तर चांगल्या गायी उगाच कापल्या जातील."

नेस्तोर गाडीकडे चालू लागला.

सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"गुरांचे नियम माणसांना लावू नयेत, पोरी."