बाबांचं शेवटचं धनुष्य

धनुष्यं बनवणारे बाबा गेले, तेव्हा लेकीच्या स्पर्धेसाठी केलेल्या धनुष्याची खालची बाजू तेवढी जरा कमी वाकत होती. "मी तासते," ती म्हणाली. "हे तुझं काम नाही," म्हणत भावांनी ते तिच्या हातून ओढून घेतलं.

थोरल्याने खालची बाजू तासली, ती जास्तच वाकायला लागली. म्हणून धाकट्याने वरची तासली. एकमेकांची अक्कल काढत दोघं दिवसभर तासतच राहिले.

"बघ, आता दोन्ही बाजू कशा सारख्या वाकतात!" थोरला ऐटीत म्हणाला.

तिने करंगळीने ओढली तरी दोरी कानापर्यंत आली. सोडलेला बाण पायाशीच पडला.



"तुमचं दोघांचं पटत नाही म्हणून बाबा उगाच झुरायचे, दादा. वाटोळं करायला किती छान जमतं तुमचं!"