सर्वाधिक प्रगती

सरकारनं नवा नियम काढला: शाळेला श्रेणी द्यायची ती मुलांच्या गुणांवरून नाही, तर पहिल्या परीक्षेपासून शेवटच्या परीक्षेपर्यंत गुण किती वाढले, त्यावरून. मुख्याध्यापकांचं डोकं अशा वेळी भारी चालायचं. "बाई, पोरांना पहिल्या परीक्षेत मुद्दाम चुकायला सांगा. मग काय, प्रगतीच प्रगती!"

बाईंच्या अगदी जिवावर आलं, पण वर्गाला त्यांनी तसं सांगितलं. वर दटावलंही, "घरी कुणी बोललात तर माझी शपथ आहे!" वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी गुमान भोपळा घेऊन घरी गेली.

वर्षाअखेर तिलाच पैकीच्या पैकी मिळाले आणि शाळा पहिली आली. बक्षीस देताना बाईंनी तिला जवळ घेतलं. अंथरुणाला खिळलेली तिची आई त्या दोन परीक्षांच्या मधेच गेली होती.

"आज आई असती तर किती हरखली असती गं!"

मुलगी खाली बघत म्हणाली,

"आई शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्या दुखण्यापायी पोरीचा अभ्यास बुडाला. मी काहीच बोलले नाही, बाई. तुमची शपथ होती ना."