नारळाचंच दूध ना?

बाळाच्या डायपरमध्ये आज पुन्हा रक्त दिसलं. आश्लेषा काचेच्या पेटीवर हात ठेवून उभी होती. मागे तिच्या सासूबाई, सुलभाताई, खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं सुशांतने आईला मराठीत सांगितलं. "आतड्याचं ऑपरेशन झालेल्या बाळांना कधीकधी गाईचं दूध सोसत नाही. आईने प्यायलेलंसुद्धा तिच्या दुधातून उतरतं. म्हणून तर आश्लेषाचं दूध-दही बंद केलं. तरी रक्त थांबत नाही, म्हणजे टाक्यांचाच काहीतरी प्रॉब्लेम असणार. उद्या पोट परत उघडायचं म्हणतायत."



बाळंतिणीला दूध नाही, हे चँडलरला लेकाकडे आल्यापासून सुलभाताईंना पटलंच नव्हतं. दुधावाचून पान्हा कसा फुटायचा? ह्या अमेरिकेतल्या डॉक्टरांना काय कळतंय बाळंतपणातलं! रोजची अळिवाची खीर त्या गाईच्याच दुधात शिजवायच्या आणि वर ओला नारळ पेरायच्या. "आई, नारळाचंच दूध ना?" असं विचारून सून बिचारी वाटी चाटूनपुसून संपवायची. नको तिथे शहाणपणा केला, आणि भोगतंय कोण, तर हे मुठीएवढं पोर.

"सुशांत," त्या कशाबशा म्हणाल्या, "खिरीत गाईचं दूध होतं. मीच घालत होते. त्यांना सांग, पोट उघडू नका म्हणावं."

आश्लेषा गर्रकन वळली. सुशांतचे कान लाल झाले. आईकडे न बघता तो डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत म्हणाला, "माझ्या बायकोच्या खाण्यात दूध येत होतं. तिच्या लक्षात राहिलं नाही."

एवढं इंग्रजी सुलभाताईंना कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी उद्याचं ऑपरेशन थांबवलं. मग हळू आवाजात त्या आश्लेषाला समजावू लागल्या, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुलभाताईंना झालं. त्या उठल्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"नो, नो. मी. मी दिलं."

डॉक्टरीणबाईंनी प्रश्नार्थक नजरेने सुशांतकडे पाहिलं.

"शी इज वरीड," तो म्हणाला. "ग्रँडमदर, यू नो."

डॉक्टरीणबाईंनी सुलभाताईंचा हात हातात घेतला आणि मायेने थोपटला.