भिजलेला गणवेश

पिपाणीला भिजणं भाग होतं. बँडच्या स्पर्धेचे आतापर्यंतचे पाच शनिवार तिने वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी काढले होते, बँडचा गणवेश चढवून, सोनेरी बटणं पार गळ्यापर्यंत लावून. स्पर्धा संपायच्या बेताला ती मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. आई गर्दीतून बाहेर यायची, "छान वाजवलंत" म्हणायची आणि दोघी घरी जायच्या. पण आज दुपारपासून पाऊस कोसळत होता. सगळे बँड चिंब होणार आणि ही एकटी कोरडी ठणठणीत उभी, म्हणजे बिंग फुटलंच. म्हणून ती आज लवकर निघाली आणि मैदानामागच्या कुंपणाशी नीट भिजत उभी राहिली.

पिपाणी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. खरं तर ती ट्रम्पेट वाजवायची, आणि बसून बरं वाजवायची. चालताना मात्र पाय सांभाळला की श्वास जायचा, श्वास सांभाळला की पाय चुकायचा. तिच्या एकटीपायी अख्खी रांग वाकडी व्हायची. तीन महिन्यांपूर्वी एकदा बँडच्या सरांनी सराव मध्येच थांबवला. ते नुसते तिच्या बुटांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तिने ट्रम्पेट शाळेच्या कपाटात ठेवून दिलं.

घरी सांगायला मात्र तोंड उघडेना. आई रुग्णालयात आया होती. दिवसभर वॉर्डातल्या घंट्यांमागे धावायची. घरात पाऊल टाकलं की आजोबांच्या खाटेवरून "सूनबाई", आतल्या खोलीतून बाबांचं "अगं, ऐकलंस का". पण शनिवारची एकही स्पर्धा तिने कधी चुकवली नव्हती. हा गणवेशही सैल होतो म्हणून तिनेच बसून आत घेतला होता. अशा बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

कुंपणाच्या जाळीतून मैदान दिसत होतं. कुठल्याशा शाळेचा बँड चिखलातून फिरत होता. ड्रम धपधप वाजत होते. टोप्यांवरचे तुरे भिजून कपाळावर लोंबत होते. सूर कुठल्या कुठे चालला होता, पण पोरं थांबत नव्हती. बघणारे सगळे मागच्या छपराखाली दाटीवाटीने उभे होते आणि बसायच्या पायऱ्या मोकळ्या पडल्या होत्या.

मधल्या पायरीवर एकच बाई बसली होती. आई.

अंगात प्लास्टिकचा रेनकोट, पायांत वॉर्डातले पांढरे बूट, हात मांडीवर. बँड थांबला तशी तिने टाळ्या वाजवल्या. एकटीने.

लाउडस्पीकरवर पुढच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. ते पिपाणीच्याच शाळेचं होतं. आता आई त्या रांगांमधून आपल्याला शोधणार, या विचाराने तिला राहवेना. वळसा घालून, धापा टाकत ती पायऱ्या चढली.

"आई."

आईने दचकून मान वळवली. पिपाणीने एका दमात सांगून टाकलं, "मी बँड सोडलाय. तीन महिने झाले. तुझ्याशी खोटं बोलत होते. तू आधी उठ, छपराखाली चल. आजारी पडशील."

आई उठली नाही. तिने रेनकोट आवरून घेतला आणि शेजारी जागा केली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सरांचा त्याच आठवड्यात फोन आला होता. परत पाठवा म्हणत होते. म्हटलं, तिचं तिला कळतं."

"अगं, मग दर वेळी मला म्हणायचीस ना, छान वाजवलंत म्हणून?"

"छानच वाजवतात की."

पिपाणी मटकन खाली बसली. हसावं की रडावं तिला कळेना. वाचनालयातल्या म्हाताऱ्या बाई तिच्या बटणांकडे कशा बघायच्या ते तिला आठवलं, आणि कान गरम झाले.

"मी त्यांच्यात नाही हे माहीत असून तू इथे येऊन भिजत बसतेस? कशासाठी?"

समोर रांग वळली. शेवटचा मुलगा चिखलात घसरला, उठला, धावत आपल्या जागी गेला. आईने तो पोचेपर्यंत वाट पाहिली.

"लेकीचा बँड आहे म्हटलं की घरी कुणी अडवत नाही," ती म्हणाली. "तिथे छपराखाली ओळखीच्या बायका भेटतात, त्यांच्याशी बोलत बसावं लागतं. इथे दोन तास मला कुणी हाक मारत नाही गं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गुडघा दुखतो, असं सांगावं तितक्या साधेपणाने ती बोलली होती. पिपाणीने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, केसांतून पाणी निथळतंय, आणि चेहरा इतका सैल पडलेला, की घरात तो असा कधी पाहिल्याचं तिला आठवेना.

बँड संपला. आईने टाळ्या वाजवल्या. पिपाणीनेही वाजवल्या. मग पुढचा बँड आला, त्याच्यानंतरचाही आला. दोघी खांद्याला खांदा लावून बसून राहिल्या, एक शब्द न बोलता. छपराखालून कुणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवून हसत होतं.

शेवटच्या शाळेचा चिखलाने भरलेला झेंडा मैदानाबाहेर गेला, तेव्हा आई गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"पुढची स्पर्धा कधी?" तिने विचारलं.

"शनिवारीच. चार वाजता," पिपाणी म्हणाली. "पण घरी मी दोनची आहे असं सांगणार आहे."